रॉक मोल: माल मातीमोल करणारा, नेटहॅकमधला सगळ्यात संथ चोर



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानातल्या गळतीबद्दल बोललो आणि मी एका कॉम्प्युटर गेममधल्या उंदराचं उदाहरण दिलं. वेळ कमी होता, त्यामुळे तो उंदीर दोन वाक्यांत उरकावा लागला. पण तो दोन वाक्यांत मावणारा नाहीये. तो चोरी कशी करतो, कधी करतो, कोणत्या मालाला हात लावत नाही आणि त्याने नेलेल्यातलं काय परत मिळतं, हे नीट समजून घेतलं तर तुमच्या गल्ल्यातून दर महिन्याला नेमकं काय गायब होतंय, ते शोधायला एक चांगली नजर मिळते. म्हणून आजची पोस्ट फक्त त्याच्यावर.

गेमचं नाव नेटहॅक, चोराचं नाव रॉक मोल. मराठीत मोल म्हणजे किंमत. हा मोल मात्र तुमचा माल मातीमोल करतो!

आधी गेम समजून घेऊ

नेटहॅक पहिल्यांदा 1987 साली आला. त्याच्या आधी 'हॅक' नावाचा गेम होता आणि त्याच्याही आधी, 1980 च्या सुमारास, 'रोग' नावाचा. घराणं एकच: जमिनीखालचं भुयार, एकाखाली एक मजले, प्रत्येक मजल्यावर खोल्या, बोळ, राक्षस आणि खजिना. तुम्ही तळापर्यंत उतरायचं, एक जादूचा ताईत शोधायचा आणि तो घेऊन जिवंत वर यायचं.

गेम फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. म्हणूनच कोणता राक्षस नेमका कसा वागतो हे अंदाजाने सांगावं लागत नाही, कोडमध्येच लिहिलेलं असतं.

मूळ गेममध्ये चित्रं नाहीत. सगळं अक्षरांत. तुम्ही म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते 'ॲट'चं चिन्ह. उंदीर-घुशींचा सगळा वर्ग म्हणजे इंग्रजीतलं छोटं 'आर' अक्षर. गटारातला उंदीर असो, मोठा उंदीर असो की आपला रॉक मोल, पडद्यावर दिसतो तो फक्त एक 'आर'. ओळखायचं ते रंगावरून. रॉक मोल करड्या रंगाचा.

आता यात धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. नेटहॅकमध्ये मेलात की खेळ संपला, पुन्हा पहिल्यापासून सुरू. खेळ जतन करून ठेवता येतो, पण तो पुन्हा उघडला की जतन केलेली फाइल पुसली जाते. म्हणजे 'चुकलं तर मागे जाऊ' ही सोय नाही. गेलेली वस्तू गेली. आपल्या दुकानासारखंच आहे ना?

रॉक मोलची ओळखपत्रिका

खऱ्या जगातला मोल हा जमिनीखाली बोगदे काढणारा, किडे-गांडुळं खाणारा प्राणी. जीवशास्त्राच्या हिशेबाने तो उंदराच्या कुळातला नाहीच. पण गेम बनवणाऱ्यांनी त्याला उंदरांच्या वर्गात बसवला. आपल्या डोळ्यांसमोर यायला सोपं जावं म्हणून घूस आठवा. घूस मात्र खरोखर उंदराच्या कुळातली आहे. शेतातली घूस बिळात धान्य साठवून ठेवते हे शेतकऱ्याला सांगायला नको. रॉक मोल म्हणजे खडक पोखरणारी घूस समजा.

त्याचे आकडे बघा:

1. लेव्हल 3. म्हणजे फार मोठा राक्षस नाही.
2. चावा 1 ते 6 अंकांचा. दुखतं, पण बहुतेक वेळा जीव जात नाही.
3. संरक्षणाचा आकडा 0. या गेममध्ये हा आकडा जितका कमी, तितका मार कमी लागतो. साध्या उंदराचा आकडा 7 असतो. म्हणजे मोलची कातडी चांगलीच जाड आहे, नवख्या खेळाडूचे बरेच वार फुकट जातात.
4. वेग 3.

हा चौथा आकडा लक्षात ठेवा. तुमचा साधा वेग असतो 12. म्हणजे मोल एक पाऊल टाकतो तेवढ्या वेळात तुमची चार पावलं होतात. गटारातला साधा उंदीरसुद्धा 12 च्या वेगाने पळतो. थोडक्यात, रॉक मोलला पकडायला धावावंही लागत नाही, चालत गेलात तरी सापडतो.

मग एवढा संथ चोर कुणाचं काय नेणार? तर भरपूर नेतो. कारण त्याला घाईच नसते.

तो चोरी कशी करतो?

त्याच्याकडे तीन कला आहेत.

पहिली, पोखरणं. त्याला वाट लागत नाही. समोर खडक आला तर खडकातून बोळ काढतो, भिंत आली तर भिंत फोडतो. काही खास जागांच्या भिंती फोडता येत नाहीत, पण साध्या खोल्यांच्या भिंती त्याला अडवत नाहीत. गेममधल्या ड्वार्फला, म्हणजे खाणीतल्या बुटक्याला, खणायला कुदळ लागते. मोलला काहीच लागत नाही.

दुसरी, खाणं. जमिनीवर पडलेली धातूची वस्तू तो खातो. तलवार, चिलखत, शिरस्त्राण, काहीही. आणि खाल्ल्यावर त्याची जखमही भरते! वस्तूचं वजन जितकं जास्त तितकी त्याची तब्येत जास्त सुधारते. म्हणजे तुमच्याच मालावर तो धष्टपुष्ट होतो.

तिसरी, उचलणं. सोन्याची आणि रत्नांची त्याला हाव आहे. त्याशिवाय हत्यारं, खाण्याचे पदार्थ अशा कामाच्या वस्तूही तो गोळा करतो. जवळपास अशी वस्तू पडलेली दिसली की त्याचा मोर्चा तिकडे वळतो.

खाणं आणि उचलणं यांतला फरक बारीक आहे, पण सगळ्या पोस्टचं सार त्यातच आहे. मोलला मारलात की त्याने *उचललेलं* सगळं तिथेच खाली पडतं, तुम्हाला परत मिळतं. त्याने *खाल्लेलं* मात्र गेलं. मोल मारला म्हणून तलवार परत येत नाही.

बाकीचे चोर वेगळे कसे?

नेटहॅकमध्ये चोरांची कमतरता नाही. दोन नावाजलेले चोर बघू.

लेप्रिकॉन हा आयरिश लोककथांमधला बुटका. वेग 15, म्हणजे तुमच्याहून चपळ. तो तुमच्या अंगावरचं सोनं मारतो आणि जादूने त्याच मजल्यावर दुसरीकडे गायब होतो. दुसरी निम्फ, म्हणजे ग्रीक कथांमधली अप्सरा. तिचा वेग तुमच्याइतकाच, 12. ती तुमच्याकडची एखादी वस्तू काढून घेते आणि तीही गायब होते.

या दोघांची चोरी तुम्हाला लगेच कळते. पडद्यावर ओळ येते, तुम्ही चरफडता, मागे लागता. गल्ल्यातून कुणी पाचशेची नोट ओढून पळालं तर कसं सगळं दुकान जागं होतं, तसं.

रॉक मोल तुमच्या अंगाला झोंबत नाही. तुम्ही त्याच्या वाटेत आलात तर चावतो, पण तुमच्या पिशवीतली एकही वस्तू तो काढून घेत नाही. तुमच्या हातात आहे, अंगावर आहे, पिशवीत आहे, ते त्याच्यापासून सुरक्षित. तो नेतो ते तुम्ही *खाली ठेवलेलं*. 'नंतर बघू' म्हणून कोपऱ्यात टाकलेलं जास्तीचं चिलखत. 'आत्ता ओझं नको' म्हणून सोडलेली नाणी.

म्हणजे तो चोरतो ते ज्याच्याकडे तुमचं लक्ष नाही. आणि लक्ष नसल्यामुळे गेल्याचंही कळत नाही.

चोरी होते तेव्हा तुम्ही कुठे असता?

हा मुद्दा मला फार आवडतो, म्हणून थोडं थांबून सांगतो.

नेटहॅकमध्ये तुम्ही जिना उतरून खालच्या मजल्यावर गेलात की वरचा मजला जवळपास गोठतो. तुम्ही नसताना तिथले राक्षस फिरत नाहीत, पोखरत नाहीत, तुमच्या वस्तू खात नाहीत. परत याल तेव्हा ढीग होता तसाच मिळतो.

मग मोल खातो कधी? तुम्ही *त्याच मजल्यावर* असताना. दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या कामात. दोन खोल्या पलीकडे कुणाशी तरी लढताना.

आता तुम्ही म्हणाल, 'सर, मी सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकानातच असतो, माझ्याकडे कशी गळती होईल?' अहो, म्हणूनच होते! शटर बंद असताना माल कमी होत नाही, झाला तर ती सरळ घरफोडी. कमी होतो तो शटर उघडं असताना, तुम्ही पुढे काउंटरवर गिऱ्हाईक करत असताना, मागच्या बाजूला. दुकानात हजर असणं वेगळं आणि मालावर नजर असणं वेगळं.

आवाज येतो, पण कोण ऐकतं?

मोल अगदीच गुपचूप नसतो. गेम तुम्हाला दोन इशारे देतो.

एक, तो भिंत फोडतो तेव्हा खडक कोसळल्याचा आवाज आल्याची ओळ येऊ शकते. पण दर वेळी येत नाही. कोडमध्ये पाचात एक अशी शक्यता ठेवलेली आहे. म्हणजे एकदा आवाज आला, तर त्याआधी काही भिंती गुपचूप फुटलेल्या असू शकतात.

दोन, तो तुमच्या नजरेआड धातू खातो तेव्हा काहीतरी कुरकुर चावल्याचा आवाज येतो.

नवा खेळाडू काय करतो? ओळ वाचतो आणि पुढचं बटण दाबतो. 'असेल काहीतरी.' जुना खेळाडू थांबतो आणि विचारतो: माझं काय काय खाली पडलंय? आणि कुठे?

पण लगेच कुणावर बोटही दाखवू नका. कुरकुर आवाज ऐकला म्हणजे खाणारा मोलच असेल असं नाही. धातू खाणारे आणखी आहेत. रस्ट मॉन्स्टर म्हणजे गंज-राक्षस, तो गंज चढू शकेल असा धातू खातो. झोर्न तर भिंतीतून आरपार जातो आणि मागे भोकही ठेवत नाही. भिंत फुटल्याचा आवाज असेल तर तो कुदळवाल्या ड्वार्फचाही असू शकतो. आवाज तोच, करणारे वेगवेगळे. म्हणून आधी जागेवर जायचं. भोक आहे का? कशाचा ढीग कमी झालाय? धातूच गेलाय की लाकूड-कापडही? खुणा बघायच्या, मग नाव घ्यायचं.

दुकानातही हाच क्रम ठेवा. हिशेबात फरक दिसला की सगळ्यात आधी संशय जातो तो काउंटरवरच्या पोरावर. आणि बऱ्याचदा खुणा वेगळंच सांगतात. वजनकाटा किंचित जास्त माल देत असतो. पुरवठादाराच्या बिलात 24 नग आणि खोक्यात 22. किंवा घरून फोन येतो, 'येताना दोन किलो साखर आणि एक तेलाची पिशवी आणा', आणि मालक स्वतःच ती उचलून नेतो, वहीत एक अक्षर न लिहिता. खुणा न बघता नाव घेतलंत तर चांगला माणूस जातो आणि गळती तिथेच राहते. हे नुकसान कुठल्याच साठ्याच्या यादीत दिसत नाही.

मोलचा बंदोबस्त कसा करतात?

अनुभवी खेळाडूंचे पाच नियम बघा. प्रत्येकाच्या पुढे दुकानातला अर्थ दिलाय.

1. उघड्यावर ठेवू नका, पेटीत ठेवा. गेममध्ये लाकडी पेटी मिळते. मोल लाकूड खात नाही, पेटी उचलून नेत नाही, त्यामुळे आतला माल त्याच्यापासून सुरक्षित. म्हणून जुने खेळाडू जास्तीचा माल एकाच मजल्यावर, एकाच पेटीत ठेवतात. दहा ठिकाणी दहा ढीग करत नाहीत.
दुकानात: लहान पण महाग माल आधी बंद जागेत. हार्डवेअरवाल्यांनो, पितळी नळ आणि कॉपर वायर आधी, सिमेंटची पोती नंतर. सगळं कुलपात ठेवता येत नाही, पण जे मुठीत मावतं ते तरी ठेवा.

2. आवाज आला की त्याच वेळी जा. वेगाचं गणित तुमच्या बाजूने आहे: त्याचं एक पाऊल, तुमची चार. शिवाय जड वस्तू खायला त्याला जास्त वेळ लागतो आणि खाताना तो जागचा हलत नाही. म्हणजे लवकर निघालात तर तो तोंडात घास असतानाच सापडतो.
दुकानात: गळती संथ असते, हाच तुमचा फायदा. पहिल्याच आठवड्यात फरक शोधलात तर थोडक्यात निभावतं. वर्षाअखेरीस शोधायला बसलात तर काय, कुठे, कधी, काहीच सांगता येत नाही.

3. उचललेलं आधी परत मिळवा. मोल मारला की त्याने गोळा केलेलं खाली पडतं, ते उचला. पुष्कळ खेळाडू ढिगाकडे न बघता पुढे निघून जातात.
दुकानात: उधारी, पुरवठादाराकडून कमी आलेले नग, परत करायचा खराब माल, हे सगळं *उचललेलं* आहे. परत येऊ शकतं, पण तुम्ही मागितलं तर. त्यातही मुदतीचा माल बघा. डिस्ट्रिब्युटर परत घेतो तोपर्यंत तो उचललेला, तारीख उलटून गेली की *खाल्लेला*. वस्तू तीच, कपाटात जागा तीच, फक्त तुम्ही उशिरा बघितलं.

4. भोकाकडे दुर्लक्ष करू नका. मोल मरतो, पण त्याने काढलेला बोळ तसाच राहतो. फोडलेल्या भिंतीच्या जागी बिनदाराची वाट तयार होते. पुढे त्या वाटेने दुसरेही राक्षस येऊ शकतात.
दुकानात: 'एवढ्यासाठी कशाला बिल' ही एक वाट झाली. ती एका ओळखीच्या माणसासाठी उघडली जाते आणि मग सगळे तिथूनच जातात. एक चोर पकडून समाधान मानू नका, वाट बंद करा.

5. कुणाला पाठवताय ते बघा. गेमच्या सुरुवातीला तुमच्यासोबत बहुतेक वेळा कुत्र्याचं किंवा मांजराचं पिल्लू असतं. आपल्याला वाटतं, उंदीर म्हटल्यावर मांजर झडप घालणारच. पण मांजराचं पिल्लू लेव्हल 0 चं आणि मोल लेव्हल 3 चा. पाळीव प्राणी आपल्यापेक्षा इतक्या वरच्या राक्षसावर सहसा जात नाही. कुत्र्याचं पिल्लू लेव्हल 2 चं असतं, ते मात्र भिडतं.
दुकानात: काल लागलेल्या पोराला 'मॅनेजरच्या मालाचा हिशेब घे' असं सांगू नका. तो घेणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. ती मोजणी मालकाने स्वतः करायची.

एक सहावी गोष्ट लेप्रिकॉनसाठी. तो फक्त मोकळं सोनं चोरतो, पिशवीत घालून ठेवलेलं त्याला घेता येत नाही. म्हणून खेळाडू सोनं पिशवीत ठेवतात. तुम्हीही दुपारी एकदा गल्ल्यातली मोठी रक्कम काढून आत ठेवा. गल्ल्यात सुट्टे पैसे आणि गरजेपुरत्या नोटा पुरतात.

आता आकडेमोड

'सर, पण थोडंफार तर जाणारच ना?' बरोबर आहे. शून्य गळतीचं दुकान नसतं. पण 'थोडंफार' म्हणजे किती, ते एकदा कागदावर मांडा.

समजा, तुमच्या दुकानातून रोज फक्त 150 रुपयांचा माल हिशेबाबाहेर जातो. महिन्याचे 26 दिवस धरले तर 3,900 रुपये. वर्षाचे 46,800. आता समजा सगळा खर्च जाऊन तुमच्या हातात विक्रीच्या 10 टक्के उरतात. मग हे 46,800 भरून काढायला तुम्हाला वर्षाला 4,68,000 रुपयांची *जास्तीची* विक्री करावी लागेल. जास्तीची जाहिरात, जास्तीची उधारी, जास्तीची धावपळ. एवढी विक्री कशासाठी? तर होतं त्याच जागी उभं राहण्यासाठी! याला म्हणतात डोंगर पोखरून उंदीर काढणं. उंदराने डोंगर पोखरायचा तर इथे आपणच पोखरत बसतो.

तुमचा आकडा काढायला हे सूत्र वापरा:

सुरुवातीचा साठा + खरेदी − विकलेला माल = असायला हवा तो साठा

असायला हवा तो साठा − प्रत्यक्ष मोजलेला साठा = गळती

लक्षात ठेवा, सगळे आकडे *खरेदीच्या* किमतीने घ्यायचे. विकलेला माल विक्रीच्या किमतीने धरलात तर नफा मध्ये घुसतो आणि उत्तर चुकतं. आणि घरी नेलेला माल वेगळा लिहा. आपल्या जुन्या हिशेबात त्याला छान शब्द आहे, 'उचल'. मालकाने घरी नेणं ही चोरी नाही, पण वहीत न लिहिलेली उचल आणि चोरी यांत हिशेबाला फरक कळत नाही.

कमेंटमध्ये येतील असे दोन प्रश्न

*रॉक मोल मारून फायदा काय?* वर सांगितलं तसं त्याने गोळा केलेलं परत मिळतं. शिवाय त्याचं ताजं मांस गेममध्ये खाताही येतं. आणि गंमत सांगतो, जादूने तुमचंच रूपांतर रॉक मोलमध्ये झालं तर तुम्हीही धातू खाऊ शकता! पण तेव्हा वेग 3 चा होतो हे विसरू नका.

*कॅमेरे बसवले तर?* बसवा, उपयोग होतो. पण कॅमेरा म्हणजे कुरकुर आवाजाची ओळ. ती कुणी वाचणार असेल तरच उपयोग. मोजणी नसेल तर कोणत्या दिवसाचं रेकॉर्डिंग बघायचं हेच तुम्हाला कळणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

1. दुकानातल्या फक्त दहा वस्तू निवडा: लहान, महाग आणि भराभर खपणाऱ्या. आज रात्री त्यांचे नग मोजून वहीत लिहा. सगळं दुकान मोजायला बसू नका, दोन दिवसांत कंटाळून सोडून द्याल.
2. सात दिवस त्या दहा वस्तूंची खरेदी, विक्री आणि उचल लिहा. आठव्या दिवशी पुन्हा मोजा आणि सूत्रात घाला.
3. जो फरक येईल त्याचे दोन भाग करा: *उचललेलं* आणि *खाल्लेलं*. पहिल्या भागासाठी त्याच दिवशी फोन करा. दुसऱ्या भागासाठी रडत बसू नका, फक्त तो कोणत्या वाटेने गेला ते लिहा आणि ती वाट बंद करा.

आठ दिवसांनी कदाचित फरक शून्य येईल. मग तर उत्तमच, तुमच्या काउंटरवरच्या पोराला चहा पाजा आणि त्याला तसं सांगा. फरक आला, तरी घाबरू नका. हा चोर फार हळू चालतो. तुम्ही आज निघालात तर तो अजून तिथेच, तोंडात घास घेऊन बसलेला असेल.

तुमच्या दहा वस्तू कोणत्या, ते व्हिडिओखाली कमेंटमध्ये जरूर लिहा. किराणा, मेडिकल, हार्डवेअर, कपडे, प्रत्येकाची यादी वेगळी येईल आणि त्यातून एकमेकांना शिकायला मिळेल. पुढच्या व्हिडिओत आपण उधारीच्या वहीकडे बघणार आहोत. तोपर्यंत मोजत राहा, लिहीत राहा.